वैकुंठरथाचं पासिंग

"तिथंच थांब. उंबऱ्याच्या आत येऊ नगंस."

आक्काच्या सासूनं दारात हात आडवा धरला होता. माझ्या हातात पिशवी, पिशवीत सहा मोसंबी आणि ग्लुकोजचा पुडा. मे महिन्याची सकाळ होती आणि आतल्या खोलीतून आक्काचं कण्हणं ऐकू येत होतं.

"मावशी, नुसतं तोंड बघून जातो."

"बरी झाली की बघ की. कोण न्हाई म्हनतंय? राग मानू नगं बाबा, पर आजारी मानसाच्या दारात तुजं पाऊल नगं. तू येतोस तवा काय तरी न्यायलाच येतोस."

तिनं पिशवीसुद्धा हातात घेतली नाही. ओट्यावर ठेव म्हणाली. मी ठेवली आणि चप्पल न काढताच परत फिरलो.

आता सांगायला हरकत नाही. तेव्हा मी नांदुरखेड नगरपरिषदेच्या वैकुंठरथावर ड्रायव्हर होतो. वैकुंठरथ हे पाटीवरचं नाव. गाडी मुळात कुटुंबनियोजनाच्या प्रचाराची. तो विभाग बंद पडल्यावर तिला काळा रंग दिला, आतल्या खुर्च्या काढून लोखंडी तबक बसवलं, आणि ती आमच्याकडं आली. ऊन तिरपं पडलं की काळ्या रंगाखालचा लाल त्रिकोण अजून दिसायचा. माणसं येऊ नयेत म्हणून जी गावोगाव ओरडत फिरली, तीच आता आलेल्यांना पोचवत होती. आमच्या ऑफिसात हा विनोद सगळ्यांचा करून झाला होता.

विनोद ते करायचे, गाडीत मी बसायचो. नऊ वर्षं. लग्नाच्या मांडवात गेलो की नवरदेवाचा बाप घाबरून विचारायचा, "कोण गेलं?" भाजी घ्यायला थांबलो तरी भाजीवाली विचारायची, "कोण गेलं?" मयताच्या घरी चूल पेटत नाही, पण शेजारचे किटली भरून चहा आणतात, आल्यागेल्याला देतात. ड्रायव्हरला त्यातला कप कधी आला नाही. विसरत नव्हते ते. किटली गाडीपर्यंत यायची आणि वळायची. मी स्टिअरिंगवर हात ठेवून समोर बघत बसायचो.

हे सगळं मी गिळलं होतं. पण आक्काचं दार बंद झालेलं गिळवेना. आई गेली तेव्हा मी चार वर्षांचा होतो आणि आक्का अकराची. तिनं मला कडेवर वाढवलं. ही नोकरीसुद्धा तिनंच दाजींच्या मागं लागून लावून घेतली होती, पाण्याच्या टँकरवर म्हणून. तीन महिन्यांत जुना ड्रायव्हर निवृत्त झाला आणि सगळ्यात नवा म्हणून मला उचलून वैकुंठरथावर बसवलं. "तात्पुरतं हाय," असं तेव्हाचे साहेब म्हणाले होते.

बदलीसाठी मी दर वर्षी अर्ज द्यायचो. हेडक्लार्क देशमाने चष्म्यावरून बघत तेच सांगायचे. "अंकुश, त्या गाडीवर यायला दुसरा कोणी तयार नाही. गाडीचं निर्लेखन झालं, म्हणजे ती मोडीत निघाली, की पद आपोआप संपलं. मग तू टँकरवर. गाडी चालतेय तोवर तू चालव."

गाडी मोडीत निघायला मिस्त्रीचा दाखला लागायचा, 'दुरुस्तीस योग्य नाही' असा. मिस्त्री होता गफूरचाचा. सगळी अडचण तिथंच होती.

गफूरचाचा ती गाडी गॅरेजात घेत नसे, गिऱ्हाइकं बिचकतात म्हणून. स्मशानाच्या फाटकाशी चिंचेखाली तरट अंथरून तो तिला नीट करायचा. इंजिन त्यानं दोनदा उघडलं होतं, गिअरबॉक्स एकदा. स्प्रिंगचे पाटे बदलले, क्लचप्लेट बदलली, पत्र्याला ठिगळं लावली. आक्काच्या दारातून मी परत फिरलो तो थेट त्याच्याकडं गेलो. तो गाडीखालीच होता. परवा पासिंगला, म्हणजे आरटीओच्या तपासणीला, न्यायची होती जिल्ह्याला, त्याची तयारी चालली होती.

"चाचा, ह्या गाडीत आता काय राहिलंय?"

"इंजिन ऱ्हायलंय." तो खालूनच बोलला.

"चोवीस वर्सं झाली तिला. किती दिवस चालतिया गाडी?"

"मालकाला कटाळा येईस्तवर." तो बाहेर सरकला, हात पुसत उकिडवा बसला. "अंकुश, गाडी आपनहून मरत न्हाई. पार्ट मिळंना झाले, न्हाईतर मालकाचं मन उडालं, की मरती. हिचे पार्ट अजून मिळत्यात. सांभाळली तर धा वर्सं काढंल."

दहा वर्षं. म्हणजे अजून दहा अर्ज.

"चाचा, लिहून दे. एक ओळ लिहायची हाय. दुरुस्तीस योग्य नाही."

त्यानं माझ्याकडं नीट बघितलं. आक्का आजारी असल्याचं त्याला माहीत होतं, दारातून परत पाठवल्याचं मी सांगितलं.

"तुजं दुखनं खरं हाय," तो म्हणाला. "पर चालत्या गाडीला मेली म्हनून कसं लिहू? चाळीस वर्सं ह्याच हातानं पाना धरलाय. तू दुसरं काय बी माग."

मी दुसरं मागितलं. त्याचा चौदा नंबरचा पाना मागितला. म्हटलं सीटचा नट खुळखुळतोय, आवळतो. त्यानं दिला.

पासिंगच्या दिवशी सकाळी मी स्मशानापाशी एकटाच होतो. गाडीखाली शिरलो आणि इंजिनच्या ऑइल चेंबरचा नट ढिला केला. पूर्ण काढला नाही. थेंब थेंब गळत राहील एवढाच. हिशोब साधा होता. जिल्हा सव्वीस किलोमीटर. ऑइल गळत जाणार, उन्हात इंजिन तापणार आणि निम्म्या वाटेत कुठंतरी ते पकडणार. पकडलं की आतलं सगळं एकमेकांना चिकटतं. मग गफूरचाचाच काय, त्याचा उस्ताद आला तरी उपयोग नाही. रस्त्यात गेली, म्हातारी झाली होती, असं सगळे म्हणणार. मी पाना स्मशानाच्या भिंतीवर ठेवला आणि हात मातीत पुसले. त्या दिवशी मला खरोखर हलकं वाटत होतं, हे कबूल करतो.

गाडी बाजारपेठेत आली आणि समोरून दाजी सायकलवर आडवे आले. आक्काचा नवरा. जन्मात मोठ्यानं न बोललेला माणूस. सायकल रस्त्यात टाकून त्यांनी माझ्या दाराला धरलं.

"अंकुश, चल. ती डोळं फिरवाय लागलीया."

"दवाखान्याची गाडी?"

"बाळंतिणीला घेऊन गेलीया. जीपा समद्या लग्नाला. कोन न्हाई. चल तू."

"दाजी, ह्या गाडीत?"

"चल म्हनतो न्हवं!"

त्यांच्या दारात वैकुंठरथ थांबला आणि गल्ली बाहेर आली. दोघीतिघींनी तर पदर डोळ्याला लावला. मावशी उंबऱ्यात आडवी उभी राहिली. "जित्या मानसाला मढ्याच्या गाडीत घालनार व्हय रे? येडा झालास का?" हे ती स्वतःच्या मुलाला म्हणत होती. दाजींनी तिच्या खांद्याला धरून तिला बाजूला केलं. आईला हात लावताना मी त्यांना पहिल्यांदा बघितलं.

आठ दिवसांत आक्काची पार रया गेली होती. पोट फुगलं होतं, ओठ काळे पडले होते. मला बघून ती हसली.

"आलास व्हय," म्हणाली. "घाला मला त्यात. कवातरी जायचंच हाय, आज बसून बगती."

तबकावर गोधडी टाकून तिला झोपवलं. दाजी शेजारी बसले. मी गाडी हाणली.

नटाची आठवण मला गावाबाहेर दहा किलोमीटर गेल्यावर झाली. आपोआप झाली नाही. डॅशबोर्डवर ऑइलचा लाल दिवा एकदा लुकलुकला, विझला आणि परत लागला. मागं गाव दहा किलोमीटर, पुढं दवाखाना सोळा. मध्ये पंप नाही, गॅरेज नाही, दोन्ही बाजूला उघडं माळरान. मी आरशात बघितलं. आक्काचे डोळे मिटलेले, दाजी पंच्यानं वारा घालत होते. थांबावं तर तिच्याकडं वेळ नाही. जावं तर इंजिनाकडं वेळ नाही. आणि हे सगळं माझ्या हातानं झालेलं, कोणाला सांगायची सोय नाही. नऊ वर्षं मी त्या केबिनमध्ये अडकलो होतो असं समजत होतो. खरं अडकणं काय असतं ते त्या दिवशी कळलं.

दोन किलोमीटरवर रेल्वेचं फाटक आलं. बंद. सात-आठ गाड्यांची रांग होती. वैकुंठरथ बघून रांगेनं आपणहून वाट दिली. बैलगाडीवाल्यानं बैल कडेला घेतले, एकानं हात जोडले. मी फाटकाच्या आडव्या खांबापर्यंत पुढं गेलो. उभ्या जागी लाल दिवा आता विझेनाच. इंजिन चालू ठेवलं तर पकडेल, बंद केलं तर परत लागेल की नाही देव जाणे. बॅटरी महिनाभर मेल्यातच जमा होती. मी देवाचं नाव घेतलं आणि इंजिन बंद केलं.

उतरून गाडीखाली शिरलो. ऑइलची काळी धार रस्त्यावर लागली होती. पाना स्मशानाच्या भिंतीवर. मी नट हातानं धरला. उकळत्या तेलासारखं ऑइल तळहातावरून कोपरापर्यंत आलं, पण सोडला नाही, फिरवत राहिलो. आणि तिथं मला रडू फुटलं. चांगला तिशीतला बाप्या, पण लहान पोरासारखा रडलो. काय काय बोललो ते आठवत नाही. आक्काचं नाव घेत होतो एवढं आठवतं.

बाहेर येऊन मी रांगेतल्या ट्रकवाल्याकडं गेलो. ऑइल मागितलं. त्यानं माझा हात बघितला, गाडी बघितली, आणि एक शब्द न विचारता डबा दिला. पानाही दिला. मयताच्या कामाला नाही म्हणायचं नसतं. मी नट आवळला, ऑइल ओतलं, दारावर हात टेकून उभा राहिलो. आगगाडी यायची चिन्हं नव्हती. फाटकवाला सावलीत तंबाखू मळत होता. मिनिटं किती गेली कोण जाणे. शेवटी मालगाडी आली, डब्यामागून डबे, संपता संपेनात.

फाटक उघडलं. मी किल्ली फिरवली. टक्. परत फिरवली. टक्.

"धक्का लागंल," मी खिडकीतून ओरडलो.

एरवी कोणाची गाडी बंद पडली तर लोक हॉर्न मारून मारून जीव नकोसा करतात. पण ही तसली गाडी नव्हती. ट्रकवाला उतरला, बैलगाडीवाला उतरला, मोटारसायकलवरचे दोघं आले, लग्नाच्या जीपमधून फेटे बांधलेले चौघं खाली उतरले. मयताला खांदा द्यायला मिळाला तर सोडू नये, पुण्य असतं. सगळ्यांनी चपला काढल्या. चपला काढून, डांबर तापलेलं असताना, त्यांनी गाडीला खांदे लावले. आणि त्यातला एक वयस्कर माणूस सुरात ओरडला, "राम बोलो भाई राम!"

मागून सगळ्यांनी सूर ओढला. "राम बोलो भाई राम!"

दाजी केबिनमागच्या जाळीच्या खिडकीतून कळवळून म्हणाले, "अंकुश, ह्यांस्नी सांग की रं, जित्ती हाय म्हनून!"

"गप बसा दाजी."

सांगितलं असतं तर? खांदे थांबले असते. जित्या बाईला ह्या गाडीत का घातली, अपशकुन, शिवाशिव, दहा प्रश्न आले असते. मढ्यासाठी दहा माणसं अनवाणी ढकलत होती, ती मला हवी होती. मी दुसरा गिअर टाकून क्लच दाबून धरला.

जीपमधला एक फेटेवाला ढकलता ढकलता मागच्या काचेतून आत वाकून बघायला लागला. मी आरशात बघितलं. आक्काच्या तोंडावर पदर होता. सबंध चेहरा झाकलेला. छाती हलत नव्हती.

रूळ ओलांडताना गाडी धडधडली. उतार लागला. मी क्लच सोडला. एक गचका, दुसरा गचका, आणि इंजिन धरलं. काळा धूर सोडत धरलं. मागं परत एकदा "राम बोलो" झालं आणि ती माणसं मागं पडली, चपला शोधत.

"दाजी!" मी ओरडलो. "दाजी, पदर!"

दाजींनी पदर उचलला. आक्काचे डोळे उघडे होते.

"गेली का मानसं?" तिनं विचारलं.

पुढचे चौदा किलोमीटर इंजिन ठोके देत चाललं. आत कोणी हातोडीनं भिंत पाडतंय असा आवाज. मी गाडीला शिव्या दिल्या, पाया पडलो, नवस बोललो. जिल्ह्याच्या दवाखान्याच्या फाटकात शिपाई आडवा आला. "ए, मढं बाहेर न्यायला मागचं गेट हाय. आत कुठं घेऊन चाललास?"

"जित्ती हाय!" मी आणि दाजी एकदम ओरडलो.

फाटकाच्या आत दोन गाडीलांबी गेलो आणि इंजिन पकडलं. एकच करकर झाली आणि सगळं शांत. स्टिअरिंगवरचा माझा हात निघेना, तळहाताची कातडी चिकटली होती.

आक्काचं अपेंडिक्स फुटलं होतं. पोट उघडलं, धुतलं, शिवलं. ती वाचली.

तिसऱ्या दिवशी गफूरचाचा एस.टी.नं आला. गाडीखाली शिरला तो अर्धा तास निघाला नाही. बाहेर आला तेव्हा मी हाताला पट्टी बांधून तिथंच बसलो होतो. त्यानं पिशवीतून चौदा नंबरचा पाना काढला, मला दाखवला आणि परत पिशवीत टाकला.

"मसनवट्याच्या भिंतीवर गावला," म्हणाला.

मी मान खाली घातली. त्यानं खिशातून कागद काढला, गुडघ्यावर ठेवून सावकाश लिहिला आणि मला दिला. दुरुस्तीस योग्य नाही. खाली सही.

"मेली म्हनून लिवलंय. खोटं न्हाई," तो म्हणाला. "कशानं मेली ते लिवाय ह्या कागदात जागा न्हाई."

तो जाईपर्यंत मी वर बघितलं नाही. पुढं त्यानं माझा टँकर कितीतरी वेळा नीट केला, पण माझ्याशी बोलला नाही. काय हवं ते दुसऱ्याला सांगायचा. मरेपर्यंत बोलला नाही. ते मला अजून खुपतं.

गाडी ओढून आणली आणि स्मशानाच्या मागच्या भिंतीला लावली. निर्लेखन झालं, लिलावही पुकारला, पण एकही भंगारवाला आला नाही. त्या गाडीचा पत्रा कोणाला नको होता. मी टँकरवर बसलो. लोक मला बघून विचारायला लागले, "पाणी कधी येणार?" पहिल्यांदा कोणी विचारलं तेव्हा उत्तर द्यायचं सोडून मी हसतच राहिलो.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, नगरपरिषदेच्या आवारात गाड्यांची पूजा असते. मी टँकर धुऊन हार घातला होता. आक्का आली, हातात ताट, ताटात नारळ आणि झेंडूचा मोठा हार. मी टँकरच्या पुढून बाजूला झालो.

"ही न्हवं," ती म्हणाली. "माजी गाडी कुठाय?"

मी तिला स्मशानाच्या मागं नेलं. टायर बसले होते, बॉनेटवर चिमण्यांनी घाण केली होती. आक्कानं पदरानं बॉनेट पुसलं, हळदीकुंकू लावलं, हार घातला. वैकुंठरथाला कधी कोणी खंडेनवमीचा हार घातला नव्हता. तिला काय, रोजच झेंडू, असं सगळे म्हणायचे. नारळ फोडून तिनं खोबऱ्याचा तुकडा माझ्या हातावर ठेवला. माझा तळहात अजून गुळगुळीत, गुलाबी होता.

"आक्का," मी म्हणालो, "तो नट म्याच ढिला केला हुता."

"ठाव हाय."

"कुनी सांगितलं? चाचानं?"

"तूच की. गाडीखाली पडून बोंबलत हुतास, म्याच सोडला नट, म्याच सोडला म्हनून. तबकाखालच्या पत्र्याला भोकं हायती, माज्या कानाशीच. समदं ऐकू येत हुतं."

"मग तवा का न्हाई बोललीस?"

तिनं ताट खाली ठेवलं आणि माझ्याकडं बघून डोळे मिचकावले. "मढं बोलतं व्हय रं?"

मी हसायचा प्रयत्न केला, जमला नाही. ती पुढं आली आणि लहानपणी पुसायची तसं तिनं पदरानं माझं तोंड पुसलं.

गफूरचाचानं गाडीला दहा वर्षं दिली होती. ती वर्षं माझ्यामुळं गेली. आक्का त्यानंतर तेरा वर्षं जगली. ती गेली तेव्हा दारात नवी पांढरी गाडी उभी राहिली. शेजाऱ्यांची किटली फिरत होती. मी किटली घेतली, गाडीपाशी गेलो आणि ड्रायव्हरचं दार उघडलं. बिचारा स्टिअरिंगवर हात ठेवून समोर बघत बसला होता.

"खाली उतर," मी म्हणालो. "घरात ये, चहा घे."

तो गोंधळला. "न्हाई काका. आमी आत येत नसतो."

"ये," मी म्हणालो. "न्हाईतर आक्का रागवंल."